तुमची होम टीम कोणती?

एक छोटासा सर्व्हे करून बघा. ऑफिसच्या कँटीनमध्ये डबे उघडले, भाज्यांची देवाणघेवाण झाली, की सहज विचारा, "काय रे, तुझी टीम कोणती?" उत्तरं पटापट येतील. चेन्नई. मुंबई. बंगळुरू. एखादीचं कोलकाता असतं, कारण शाहरुख! पिवळी, निळी, लाल, ज्याची त्याची जर्सी ठरलेली. आता दुसरा प्रश्न टाका. "आणि होम टीम?"

शांतता.

आमच्या मिहानमधल्या ऑफिसात मी हा प्रयोग केलाय. आमच्या फ्लोअरवर बरीचशी जनता नागपूरची, उरलेली वर्धा, अमरावती, चंद्रपूर, यवतमाळची. तरी एकाच्याही तोंडून 'विदर्भ' निघालं नाही. एकाने तर चक्क विचारलं, "विदर्भाची टीम असते का बे?"

असते बाबा. नुसती असते असं नाही, रणजी ट्रॉफी तीनदा जिंकलीय तिने. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. आणि ती जिथे खेळते ते जामठ्याचं स्टेडियम आमच्या ऑफिसपासून पुढे, त्याच वर्धा रोडवर आहे. ऑफिसची कॅब वळते तिथे न वळता सरळ गेलं की झालं!

मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. मुळात 'होम' हा शब्दच आपल्या पिढीला जरा जड जातो. होम म्हणजे नेमकं कुठलं? जिथे जन्मलो ते? जिथे पीएफ कापला जातो ते? की जिथे आई-बाबा आपल्या फोनची वाट बघतात ते? नागपुरात वाढलेल्या प्रत्येकाला दहावीपासून एक वाक्य ऐकवलं जातं, "हुशार आहेस, इथे कशाला राहतोस?" पुणे, बंगळुरू, हैदराबाद, जमलं तर अमेरिका. आमच्या बॅचचे निम्मे गेले. माझा दादाही गेला, पुण्याला. मी राहिले. खरं तर बरीच वर्षं मी 'राहून गेले' असंच म्हणायचे.

आमचं घर धंतोलीत. धंतोली म्हटलं की नागपूरकराला आधी डॉक्टर आठवतो. बाबा सांगतात ती धंतोली बंगल्यांची, अंगणातल्या आंब्यांची आणि दुपारच्या शांततेची. मला आठवते ती हॉस्पिटलांची. खाली मेडिकल स्टोअर, वर पॅथॉलॉजी लॅब आणि गेटसमोर कुणाची तरी गाडी लावलेली! यशवंत स्टेडियम आमच्या धंतोलीतच, पण त्याचं नाव काढलं की हिवाळी अधिवेशनातले मोर्चे डोळ्यांपुढे येतात. मोठं क्रिकेट बघायचं तर सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीएच्या ग्राउंडवर जायचं. सायकलने वीस-पंचवीस मिनिटं.

आमच्या घराचा इतिहास बाबा या ग्राउंडवरच्या मॅचेसनी सांगतात. अमक्याचं लग्न कधी झालं? गावसकरने सेंच्युरी मारली त्या वर्षी. आजोबा रिटायर कधी झाले? थांब, तेव्हा कोणाची टेस्ट होती... असं.

पहिली मॅच ऑक्टोबर १९६९. नागपुरातली पहिलीवहिली टेस्ट. बाबा तेरा वर्षांचे, मोठ्या काकांच्या सायकलच्या दांड्यावर बसून गेलेले. पतौडी कॅप्टन, समोर न्यूझीलंड. आपण जिंकणारच म्हणून सगळं शहर नटून गेलं, आणि आपण १६७ रन्सने हरलो! न्यूझीलंड भारतात टेस्ट जिंकलं ते त्या दिवशी, पहिल्यांदाच. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "आपण पाहुणचारात कमी पडत नाही बेटा. पहिल्याच भेटीत आख्खी मॅच देऊन टाकली."

आणि हा पाहुणचार पुढेही चालू राहिला बरं का! २००४ साली ऑस्ट्रेलिया आली तेव्हा व्हीसीएच्या पिचवर असं हिरवंगार गवत होतं, की ग्लेन मॅकग्रा आणि जेसन गिलेस्पी यांना माहेरी आल्यासारखं वाटलं असेल. आपण ३४२ रन्सने हरलो आणि ऑस्ट्रेलियाने ३५ वर्षांनी भारतात सीरिज जिंकली. २०१० मध्ये जामठ्याला हाशिम आमलाने नाबाद २५३ काढले आणि डेल स्टेनने एका इनिंगमध्ये सात विकेट घेतल्या. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये सचिनने १११ मारले, आणि नंतर आपले नऊ जण २९ रन्समध्ये तंबूत. त्या वर्ल्ड कपमध्ये भारत हरला ती एकच मॅच, आणि ती आमच्याकडे! २०१६ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडला १२६ वर रोखलं म्हणून लोक नाचत होते. मग आपण ७९ वर ऑल आउट. तसं २०१५ मध्ये पिच इतकं फिरलं की साउथ आफ्रिकेविरुद्धची टेस्ट तीन दिवसांत जिंकली, पण आयसीसीने त्या पिचला 'खराब' असा शेरा मारला. कधी गवत जास्त, कधी धूळ जास्त. तर्रीचंही आमच्याकडे असंच असतं.

अर्थात चांगले दिवसही आले. ३१ ऑक्टोबर १९८७, रिलायन्स वर्ल्ड कप. पुन्हा न्यूझीलंड. चेतन शर्माने लागोपाठ तीन बॉलवर तीन दांड्या उडवल्या, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक! मग गावसकर. आयुष्यभर वन-डेत सेंच्युरी नाही, आणि त्या दिवशी ८८ बॉलमध्ये नाबाद १०३. २२२ चं टार्गेट ३२.१ ओव्हरमध्ये संपलं. बाबा तेव्हा बँकेत नवे होते. त्या दिवशी त्यांनी काय कारण सांगून सुट्टी घेतली हे आईने आजपर्यंत दर दिवाळीला विचारलंय. उत्तर मिळालेलं नाही.

आणि एक दिवस असा, ज्याच्याबद्दल बाबा स्वतःहून बोलत नाहीत. नोव्हेंबर १९९५, पुन्हा न्यूझीलंडच, वन-डे. मॅच चालू असतानाच्या मधल्या सुट्टीत स्टँडची भिंत कोसळली. क्रिकेट बघायला आलेली माणसं त्यात गेली. बाबा दुसऱ्या बाजूच्या स्टँडमध्ये होते. त्यांना काही झालं नाही, पण हे आईला कळणार कसं? मोबाइल कुठे होते तेव्हा? मी तीन वर्षांची होते, मला आठवत नाही. दादा सांगतो की आई संध्याकाळपासून फाटकाला धरून उभी होती आणि बाबा अंधार पडल्यावर सायकल हातात धरून चालत आले.

त्यानंतर आईने स्टेडियमचं नाव टाकलं. २००४ च्या टेस्टला दादासाठी कशीबशी परवानगी मिळाली. मी बारा वर्षांची होते, मला चालता-फिरता सगळी इलेव्हन पाठ होती. पण "गर्दीत पोरीचं काय काम?" हे आत्याचं वाक्य शेवटचं ठरलं. दादा संध्याकाळी कान लाल करून परत आला, डॅमियन मार्टिनच्या कव्हर ड्राइव्हच्या गोष्टी सांगत. मी ऐकल्या. अजून लक्षात आहेत.

२००८ मध्ये ग्राउंडच शहराबाहेर गेलं. जामठ्याला, धंतोलीपासून पंधराएक किलोमीटर, पंचेचाळीस हजारांचं नवं कोरं स्टेडियम. नोव्हेंबरमध्ये तिथली पहिली टेस्ट ऑस्ट्रेलियाशी. ती गांगुलीची शेवटची टेस्ट, लक्ष्मणची शंभरावी. या वेळी आपण १७२ रन्सने जिंकलो, आणि शेवटी शेवटी धोनीने थोडा वेळ कॅप्टन्सी गांगुलीकडे सोपवली. बाबांनी ते टीव्हीवर पाहिलं. वीस मिनिटांच्या सायकलचं ग्राउंड आता बस, पास आणि पार्किंगचं झालं होतं. पुढे मिहान आलं, कंपन्या आल्या, मेट्रो आली. आधी ग्राउंड गेलं, मग त्याच रस्त्याने नोकऱ्या गेल्या, आणि एक दिवस मीही गळ्यात आयडी कार्ड अडकवून त्याच रस्त्याला लागले.

आता गंमत बघा. वर सांगितलेल्या सगळ्या मॅचेस भारताच्या आहेत. म्हणजे नागपूरच्या ग्राउंडवर जे दोन पाहुणे येतात, त्यातला एक आपल्याला जास्त आवडतो, एवढंच! यजमान वेगळाच असतो. तो दर हिवाळ्यात तिथेच खेळत असतो, रिकाम्या खुर्च्यांसमोर. २०१० मध्ये तर हैदराबादच्या आयपीएल टीमचे काही सामने जामठ्याला हलवले, तेव्हा आपण ती भाड्याची होम टीमसुद्धा डोक्यावर घेतली. स्वतःची मात्र विचारली नाही.

आणि तसं बघितलं तर नागपूरला माणसं पाठवायची जुनीच सवय आहे. भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन सी. के. नायडू इथे जन्मले, ३१ ऑक्टोबर १८९५ ला. (हो, गावसकरच्या त्या सेंच्युरीचीच तारीख!) पण नाव झालं ते इंदूरला, होळकरांच्या टीमकडून. रोहित शर्माचा जन्म नागपूरचा, क्रिकेट मुंबईचं. २०२३ मध्ये जामठ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १२० काढले तेव्हा आमच्या ऑफिसात "आपला पोरगा, आपला पोरगा" चाललं होतं. जाऊन मोठा झालेला पोरगा आपला. इथे राहून खेळणारा? तो कोण?

तर तो कोण, हे थोडक्यात सांगते. विदर्भ रणजी खेळतोय १९५७-५८ पासून. साठ वर्षं खेळले, आणि त्या साठ वर्षांत फायनल एकदाही नाही. विदर्भाशी मॅच म्हणजे समोरच्याला पॉइंट्सची हमी, असे ते दिवस. मग हळूहळू गोष्टी बदलल्या. व्हीसीएची निवासी अकादमी उभी राहिली. खाणकामगाराच्या घरातला, खापरखेड्याचा उमेश यादव २००८ मध्ये रणजी खेळला आणि तीनच वर्षांत टेस्ट. विदर्भाकडून खेळून टेस्टपर्यंत पोचलेला तो पहिला. त्याने आधी पोलिस भरतीतही नशीब अजमावलं होतं. तिथे जमलं नाही, हे आपलं नशीब! मुलींमध्ये नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या वर्ल्ड कप टीममध्ये होती.

आणि मग २०१७-१८. कोच म्हणून मुंबईचे चंद्रकांत पंडित, अनुभवासाठी मुंबईचाच वसीम जाफर, कॅप्टन मात्र आपला फैझ फझल, २००३ पासून विदर्भाकडून झिजलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन लॅटरल हायर आणि एक जुना टीम लीड. सेमी फायनल कोलकात्याला कर्नाटकाशी, जिंकलो पाच रन्सने. पाच! फायनल दिल्लीशी, तिथे रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या फायनलमधली इतिहासातली दुसरी. हा गुरबानी सिव्हिल इंजिनीअर आहे हे वाचून आमच्या ऑफिसातल्या तमाम इंजिनीअर लोकांचा ऊर भरून यायला हवा होता. १ जानेवारी २०१८ ला, आपण सगळे थर्टी फर्स्टच्या जागरणातून उठत असताना, विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला. कुठे? इंदूरला. होळकर स्टेडियमवर. सी. के. ज्या गावाला गेले होते, तिथूनच ट्रॉफी घरी आली.

पुढच्या वर्षी पुन्हा! या वेळी फायनल जामठ्याला, सौराष्ट्राशी, आणि हिरो आदित्य सरवटे. नागपूरचाच डावखुरा स्पिनर. मॅचमध्ये अकरा विकेट. लगोलग इराणी कपही राखला आणि त्याची बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबीयांना दिली. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून फायनल हरले. चौथ्या इनिंगमध्ये ५३८ हवे होते, कॅप्टन अक्षय वाडकरने सेंच्युरी मारून पाचव्या दिवसापर्यंत मुंबईला घाम फोडला. आणि २०२५ ला फायनल परत जामठ्याला आली. या फायनलला मी गेले.

त्याचं कारण सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी मला बंगळुरूच्या एका कंपनीची ऑफर आली. पगार चांगला, काम चांगलं, आणि उत्तर द्यायला मुदत सोमवारपर्यंत, ३ मार्च. घरात मी आई-बाबांना सांगितलं. आई "तुला बरं वाटेल ते कर" म्हणाली, म्हणजे तिला बरं वाटलं नव्हतं. बाबा काहीच बोलले नाहीत. शुक्रवारी रात्री एवढंच म्हणाले, "उद्या फायनलचा चौथा दिवस आहे. मी जाऊन राहिलो. येतेस का?" आयुष्यात पहिल्यांदा मला स्टेडियमचं आमंत्रण होतं. आईनेही मान हलवली. जरा थांबून म्हणाली, "टोपी घेऊन जा."

शनिवारी सकाळी आधी तर्री पोहे, मग काँग्रेसनगरहून मेट्रो, खापरीला उतरून पुढे ऑटो. रणजीला तिकीट नव्हतं. सरळ आत! पंचेचाळीस हजारांच्या त्या स्टेडियममध्ये बहुतेक खुर्च्या रिकाम्या. काही रिटायर्ड मंडळी, किटबॅग पाठीवर घेतलेली अकादमीची पोरं आणि आमच्यासारखे वीकेंडवाले. पण रिकाम्या स्टेडियमची एक मजा असते, ती टीव्हीवर कळत नाही. सगळं ऐकू येतं. कीपर बोलरला काय म्हणतोय ते. बॅटचा आवाज, बॉल पुढे गेल्यानंतर अर्ध्या क्षणाने येणारा. इंडियाच्या मॅचमध्ये तुम्ही गर्दीत असता. इथे तुम्ही मॅचमध्ये असता.

समोर केरळ, त्यांची पहिलीच फायनल. रणजीत बाद फेरीची मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या इनिंगची आघाडी ज्याची, तो जिंकला. केरळ असंच पुढे आलं होतं. क्वार्टर फायनलला एका रनची आघाडी, सेमीला दोन रन्सची! पण या वेळी विदर्भाने ३७९ केले होते, त्यात दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या पोराचे १५३. केरळ ३४२ वर थांबलं, त्यांचा कॅप्टन सचिन बेबी ९८ वर आउट झाला. ३७ रन्सची आघाडी. दोन दिवस टिकायचं, की काम झालं.

आणि आम्ही जागा शोधून बसतोय तोवर विदर्भ ७ वर २! बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे मामला गंभीर. मग मालेवार आणि करुण नायर जमले.

करुण नायरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३, म्हणजे सेहवागनंतर टेस्टमध्ये ट्रिपल सेंच्युरी मारणारा एकमेव भारतीय. नंतर इंडियातून गेला, मग स्वतःच्या कर्नाटकातूनही गेला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याने क्रिकेटकडेच अजून एक संधी मागणारी ओळ ट्विटरवर लिहिली होती. ती संधी २०२३ मध्ये मिळाली, नागपुरात. आणि आता तो आमच्यासमोर खेळत होता. ३१ वर असताना स्लिपमध्ये कॅच सुटला. पुढे सेंच्युरी. त्याने ग्लोव्ह काढून बोटांनी नऊचा आकडा दाखवला, त्या सीझनमधल्या नऊ सेंच्युऱ्या. सगळं स्टेडियम उभं राहिलं. म्हणजे आम्ही जेवढे होतो तेवढे.

बाबा टाळ्या वाजवत बसले आणि पहिल्यांदा विषयावर आले. "हा बंगळुरूचा, इकडे आला. तू नागपूरची, तिकडे चालली. हिशोब बरोबर."

मला हसू आलं, आणि थोडं रडूही. काय बोलावं कळेना. तेवढ्यात केरळकडून बोलिंगला आला आदित्य सरवटे. हो, तोच! २०१९ च्या फायनलमध्ये याच ग्राउंडवर अकरा विकेट घेणारा नागपूरचा सरवटे, या सीझनला केरळकडून खेळत होता. पहिल्या इनिंगमध्ये त्याने आपल्याविरुद्ध ७९ रन्स काढले होते. मी म्हटलं, "काय वाटत असेल हो त्याला, घरच्या ग्राउंडवर पाहुणा म्हणून?" बाबांनी उत्तर दिलं नाही. ओव्हर संपली, सरवटे आमच्या बाजूच्या बाउंड्रीकडे आला, आणि बाबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. मागचा एक पोरगा म्हणाला, "काका, तो त्यांच्याकडून आहे!"

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "नोकरी बदलली म्हणून काय नातं बदलते?"

ते त्या पोराला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पण मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. मला वाटत होतं, बाबा मला थांबवायला घेऊन आलेत. ते मला मोकळं करायला घेऊन आले होते.

दुपारभर आम्ही दोघं उन्हात बसलो. खूप बोललो असं नाही. बाबांनी फक्त एकदा विचारलं, "तिकडे घरभाडं किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी सरवटेच्या पुढच्या ओव्हरकडे लक्ष दिलं. दिवस संपला तेव्हा करुण १३२ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, विदर्भ ९ बाद ३७५ वर असताना दोन्ही टीम्सनी हात मिळवले. तिसरी रणजी! हर्ष दुबेने त्या सीझनमध्ये ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका सीझनमधला हा विक्रम. दादाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. एरवी तो दर फोनला "घराचं काय करायचं ठरवलं? पुण्यात या ना दोघं" हा विषय काढतो. त्या दिवशी त्याने विचारलं, "सरवटे कसा खेळला?"

सोमवारी मी बंगळुरूला 'नाही' कळवलं. रणजीसाठी नागपूरला थांबले असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि तुम्ही हसाल ते वेगळंच. पगारातून भाडं वजा केलं, इथल्या कामात पुढे काय मिळू शकेल ते मॅनेजरला स्पष्ट विचारलं, आईच्या गुडघ्याचा विचार केला. साधा हिशोब होता. फरक एवढाच पडला की तो हिशोब मी करू शकले. जाणारे हुशार आणि राहणारे बिचारे, हे जे दहावीपासून डोक्यात होतं ते त्या शनिवारी गळून पडलं. सी. के. गेले, उमेश राहिला, करुण आला, सरवटे गेला. यातलं कोण चुकलं, सांगा? फैझ फझलने २००३ मध्ये फर्स्ट-क्लासची सुरुवात नागपुरात केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरातच बॅट ठेवली. इंडियाकडून एकच वन-डे मिळाली, त्यात नाबाद ५५. त्याला कुणी 'राहून गेला' म्हणेल?

'राहून गेले' आणि 'राहिले' यात एकाच शब्दाचा फरक आहे. पण पहिल्यात आपण मागे उरलेलो असतो, दुसऱ्यात आपण ठरवलेलं असतं. मी हल्ली 'राहिले' म्हणते.

होम टीमबद्दल मला एवढंच कळलंय. ती जन्माच्या दाखल्यावर ठरत नाही. त्या सीझनला तिथे जो हजर राहतो, त्याची ती होते. करुण पुढच्या सीझनला कर्नाटकात परत गेला. जाऊ दे. दोन वर्षं तो आपला होता आणि मनापासून होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो नसतानाही, विदर्भाने जामठ्याला शेष भारताला ९३ रन्सनी हरवून इराणी कप जिंकला. त्या आठवड्यात दसरा होता. ऑफिसच्या ग्रुपवर आपट्याची पानं फिरत होती, कपाची बातमी कुणीच टाकली नाही. मी टाकली. तीन जणांनी अंगठा दाखवला. "विदर्भाची टीम असते का बे?" वाला त्यात होता. म्हणाला, "पुढच्या वेळी सांग ना यार."

म्हणून सांगून ठेवते. रणजीचा सीझन थंडीतला, नागपूर सर्वात सुंदर असतं त्या दिवसांतला. काही मॅचेस जामठ्याला असतात, काही सिव्हिल लाइन्सच्या जुन्या ग्राउंडवर, जिथे शहरातून कुठूनही पटकन पोचता येतं. सकाळी साडेनऊला पहिला बॉल. शाल घ्या, संत्री घ्या, एखादा हाफ डे टाका, मॅनेजरला काय सांगायचं ते बाबांनी सांगितलेलं नाही, तुमचं तुम्ही बघा. आणि तुम्ही नागपूरचे नसाल, पुण्या-मुंबईत, नाशकात किंवा आणखी कुठे नोकरीला असाल, तर तिथलीही एक टीम असेलच, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळणारी. तुम्ही त्या गावात जन्मलेले असायची गरज नाही.

बसायला जागा भरपूर आहे.